एफआरपी सगळ्यांना कळते, एफएलपीचं काय?

डिस्टिलरी असलेल्या साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

सन्माननीय चेअरमन साहेब, व्हाइस चेअरमन साहेब आणि सर्व संचालक,

सप्रेम नमस्कार.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिकल खात्यात काढली. वायरमन म्हणून लागलो, सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. कारखान्याचा ऊस उत्पादक सभासदही आहे. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं जे सांगणार आहे ते एकाच कारखान्याचं असतं तर पत्र लिहिलं नसतं, चेअरमन साहेबांच्या बंगल्यावर जाऊन बोललो असतो.

गेल्या वार्षिक सभेत मी हात वर केला होता. माइक हातात आल्यावर विचारलं, "स्पिरिट स्टोअरेजमधल्या एफएलपी फिटिंगचं शेवटचं इन्स्पेक्शन कधी झालं?" मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, एफआरपीचं विचारा, एफआरपीचं!" मंडपात हशा पिकला. माइक पुढच्या रांगेत गेला, आणि मंजूर, मंजूर करत विषयपत्रिका संपली.

ओरडणाऱ्यावर माझा राग नाही. एफआरपी म्हणजे उसाचा दर, तो प्रत्येकाच्या घरात येतो. एफएलपी म्हणजे फ्लेमप्रूफ. डिस्टिलरीतल्या मोटारी, दिवे, स्विच, जंक्शन बॉक्स ज्या जाड ओतीव डब्यात बसवलेले असतात तो प्रकार. तो सभासदाला कळायचं कारण नाही. पण आपल्याला कळायला हवा, कारण खरेदीच्या फाइलवर सही आपली असते.

बऱ्याच संचालकांचा असा समज मी पाहिला आहे की फ्लेमप्रूफ डबा म्हणजे आत वाफ शिरूच न देणारा, हवाबंद डबा. तसं नाही. मोटार चालली की तापते, थांबली की निवते, आणि त्या श्वासाबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते. हवेत अल्कोहोलची वाफ असेल तर तीही आत जाते. एखाद्या दिवशी आत ठिणगी पडून भडका होणार हे धरूनच तो डबा बनवलेला असतो. त्याचं काम दोनच: तो भडका सोसायचा, आणि ज्वाळा बाहेर पडू द्यायची नाही. झाकण आणि डबा जिथं एकमेकांना टेकतात तिथं दोन्हीकडं गुळगुळीत घासलेल्या धातूच्या पट्ट्या असतात. त्यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतून गरम वायू बाहेर येताना धातू त्याची उष्णता ओढून घेतो. बाहेर येईपर्यंत त्यात पेटवायची ताकद उरत नाही. १८१५ साली हम्फ्री डेव्हीनं खाणकामगारांच्या दिव्याभोवती तारेची जाळी बसवली, तीही याच तत्त्वावर. आजही आपल्याकडं असा डबा बाजारात येण्याआधी धनबादच्या सिंफर या खाण-इंधन संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत तपासला जातो आणि नागपूरच्या पेसोची, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम-स्फोटकं सुरक्षा खात्याची, मंजुरी घेतो.

म्हणजे आपण पैसे मोजतो ते त्या फटीसाठी. बाकी सगळं ओतीव लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम. आणि डबा कारखान्यात आला की त्या फटीची वाट कशी लागते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

झाकणाला आठ बोल्ट असतात. वायरमन रात्री दोन वाजता पंप बंद पडला म्हणून झाकण खोलतो. आठ अ‍ॅलन बोल्ट काढायचे, परत लावायचे, आणि वरून ऑपरेटरचा तगादा, "झालं का, झालं का, लेव्हल वाढतेय." पंप सुरू झाला की चार बोल्ट बसतात, चार खिशात राहतात. दुसऱ्या दिवशी खाकी पँट धुवायला जाते. मी माझ्याच हाताखालच्या पोरांच्या खिशातून असे बोल्ट काढले आहेत, आणि तरुणपणी माझ्याही खिशात राहिले आहेत, खोटं कशाला बोलू. पण चार बोल्टांवरचं झाकण आतल्या दाबानं उचललं गेलं की ती केसाएवढी फट बोटाएवढी होते. मग तो डबा फ्लेमप्रूफ राहत नाही, नुसताच जड डबा होतो.

दुसरी गोष्ट रंगाची. रोलर पूजनाच्या आधी कारखान्याला रंगरंगोटी होते. पाहुणे येतात, फोटो निघतात, व्हायलाच हवी. एका वर्षी पेंटर कंत्राटदाराच्या पोरांनी मन लावून काम केलं. स्टोअरेजमधल्या स्विचची झाकणं खोलली आणि कडांना आतूनसुद्धा राखाडी रंग दिला, गंजू नये म्हणून. बंद झाकणावर बाहेरून रंग दिला तर बिघडत नाही. आतल्या घासलेल्या तोंडावर दिला तर फट गेली. पुढं त्या रंगाचा पापुद्रा निघतो, झाकण वाकडं बसतं, आणि कोणीतरी तो पॉलिश पेपरनं घासायला जातो, म्हणजे उरलीसुरली पट्टीही संपली. त्या पोरांनी डब्यांवरच्या नंबरप्लेटाही रंगवल्या होत्या. त्या प्लेटवर ईएक्स डी ही फ्लेमप्रूफची खूण, टू-ए की टू-बी हा वायूचा गट, टी-फोर वगैरे तापमानाचा वर्ग आणि मंजुरीचा क्रमांक असतो. टी-फोर म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर तापणार नाही. प्लेट रंगली की डबा अनाथ. पुढच्या माणसानं कशाच्या जोरावर ठरवायचं, हा इथं चालतो की नाही?

ग्लँडचं दुखणं याहून जुनं. डब्यात केबल जिथून शिरते तिथं एफएलपी डबल कॉम्प्रेशन ग्लँड लागतो, आणि त्याचे किमान पाच आटे तरी पूर्ण बसायला हवेत. स्टोअरला ग्लँड शिल्लक नसतो. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, दिला की तीन कोटेशन, मग तुलनात्मक तक्ता, मग एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला. तोवर पंप बंद ठेवायचा कोणी? मग शुगर हाऊसच्या कपाटातला साधा ग्लँड येतो. जे भोक वापरायचं नाही तिथं मंजूर प्लगऐवजी एमसील, नाहीतर कॉटन वेस्टचा बोळा. एकदा तर लाकडाची खुंटी निघाली, छान तासून बसवलेली. सुतारकाम बघत राहावं असं.

आता वाळूची गोष्ट सांगतो. पत्र खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

इथेनॉल मिश्रणाचं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट केंद्रानं २०३० वरून २०२५ वर आणलं आणि डिस्टिलऱ्यांची क्षमता वाढवायची घाई सुटली. आमच्याकडंही स्पिरिटमधलं उरलेलं पाणी काढणारा नवा डिहायड्रेशन प्लांट आला. नव्या केबली टाकायला कंत्राटदारानं जुनी ट्रेंच उघडली. डिस्टिलरीच्या धोक्याच्या भागातून एमसीसी रूमकडं, म्हणजे मोटारींच्या स्विच-पॅनलच्या खोलीकडं, जाणारी केबल ट्रेंच वाळूनं भरलेली असते, ती शोभेसाठी नाही. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी उताराला लागते आणि खड्ड्यात, गटारात, ट्रेंचमध्ये साचते. ट्रेंच रिकामी असेल तर तो तिच्यासाठी तयार रस्ता. वाळू असेल तर रस्ता बंद. कंत्राटदारानं वाळू बाहेर काढून ढीग केला, केबली टाकल्या, वर चेकर्ड प्लेटा ठेवल्या, बिल काढलं आणि गेला. ढीग महिनाभर पडून होता. मग एक दिवस दिसेनासा झाला. वाळूचा भाव आपल्या भागात काय आहे, हे मी आपल्याला सांगायला नको.

पुढं थंडीत, तिसऱ्या पाळीत, पहाटे पाचच्या सुमारास मला एमसीसीच्या ऑपरेटरचा फोन आला. "साहेब, रूममध्ये वास येतोय." मी क्वार्टरमधून निघालो. खरं सांगायचं तर पहिला संशय त्याच्यावरच गेला, की रात्रपाळीला घेऊन बसला असेल. दारातच त्याला म्हटलं, "तोंड उघड, श्वास सोड." काही नव्हतं. वास त्याच्या मागून, पॅनलच्या खालून येत होता. एमसीसी रूम धोक्याच्या भागाबाहेर धरलेली असते, म्हणून तिथले पॅनल साधे असतात, एफएलपी नसतात. आणि त्या पॅनलमध्ये लेव्हलवर चालणाऱ्या एका पंपाचा कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, दर पाच-सात मिनिटांनी खट् करून ओढत होता. प्रत्येक खट् म्हणजे एक ठिणगी.

ऑपरेटर हुशार पोरगा. वास घालवायला म्हणून तो एक्झॉस्ट फॅनच्या स्विचकडं निघाला होता. मी ओरडलो, "हात लावू नको!" तसाच त्याला बाहेर ओढला. आतलं काही बंद करणंही तितकंच वाईट, बंद करतानाही ठिणगी पडतेच. पॉवर हाऊसला पळत जाऊन तिथून फीडर ट्रिप करायला लावला. सगळी डिस्टिलरी अंधारात गेली. मग दारंखिडक्या उघडून आम्ही बाहेर उभे राहिलो, थंडीत, कोणी बिडीसुद्धा काढली नाही. उजाडल्यावर ट्रेंचची प्लेट उचलली तर वासाचा भपकारा तोंडावर आला. एका ट्रान्सफर पंपाचं सील गळत होतं. गळती ट्रेंचमध्ये, ट्रेंच रिकामी, आणि रूमच्या भिंतीत केबल शिरते त्या भोकांना सील नाही. वाफ चालत चालत आत आली होती.

इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटायला लागते ते तापमान, सुमारे १३ अंश सेल्सिअस. आपल्याकडं कडाक्याच्या थंडीच्या काही पहाटा सोडल्या तर वर्षभर हवा त्याच्या वरच असते. म्हणजे सांडलेलं स्पिरिट नेहमीच पेटायच्या तयारीत. हवेत साधारण ३.३ टक्के वाफ झाली की ती पेटू शकते, आणि पेटवायला एक मिलिज्यूलसुद्धा ऊर्जा लागत नाही. स्वेटर काढताना चटचट होतं ना, तेवढी पुरते. वर त्याची ज्वाळा इतकी फिकट निळी की दिवसाउजेडी दिसतही नाही. माणूस तिच्यात चालत जातो. त्या पहाटे आमचं नशीब चांगलं होतं, याहून दुसरं कारण माझ्याकडं नाही.

अहवाल मी लिहून दिला. ट्रेंच भरायला वाळूचा इंडेंट टाकला. तो परचेसमधून परत आला, शेरा होता: "पुढील हंगामात घ्यावे." ढिगाचं काय झालं ते नंतर कळलं. गेस्ट हाऊससमोर पेव्हर ब्लॉक बसवले आहेत ना, त्यांच्याखाली आहे ती.

यात कोणी चोर नाही, हे मला सांगायचं आहे. कंत्राटदारानं केबल टाकली, सिव्हिलवाल्यानं पडलेली वाळू कामी लावली, परचेसवाल्यानं खर्च वाचवला. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर. ट्रेंचमधली वाळू ही इलेक्ट्रिकल सुरक्षेची वस्तू आहे हे त्यांच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्याला "थांबा" म्हणायचा अधिकार नव्हता. माझ्या एकतीस वर्षांत स्पिरिटचा एक थेंब हिशोबाबाहेर गेला तर एक्साइजचे साहेब फाइल उघडायचे. वाफ गेली तर विचारणारं कोणी नव्हतं.

रिवाइंडिंगबद्दल दोन शब्द. एफएलपी मोटार जळली की ती तालुक्याच्या गावी रिवाइंडरकडं जाते. तो कारागीर माझ्या ओळखीचा आहे, हात चांगला आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण तो स्टेटर भट्टीवर तापवून वाइंडिंग काढतो, एंड शील्ड निघत नसेल तर छन्नीनं ठोकतो, बेअरिंगची जागा ढिली झाली तर पंच मारून घट्ट करतो. मोटार परत येते, मेगर, म्हणजे इन्सुलेशनची चाचणी, चांगला येतो, अँपिअर बरोबर. शाफ्टभोवतालची फट मात्र कोणी मोजलेली नसते. अंगावरची प्लेट अजून फ्लेमप्रूफ म्हणते, मोटार राहिलेली नसते. हल्ली तीच मोटार व्हीएफडीवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, टाकतात. वेग कमी झाला की तिचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि ती जास्त तापते. ती व्हीएफडीसाठी मंजूर आहे का, हे प्लेट रंगवलेली नसेल तर वाचता येईल.

शुगर हाऊसवाले म्हणतील, हे सगळं डिस्टिलरीचं रडगाणं. नाही. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथं इंपीरियल शुगरच्या रिफायनरीत स्फोट झाला आणि १४ माणसं गेली. तिथं ना स्पिरिट होतं ना गॅस, होती ती साखरेची धूळ. सायलोखालचा कन्व्हेयर स्टीलच्या पत्र्यानं बंदिस्त केलेला, धूळ आत कोंडलेली, आणि तापलेल्या बेअरिंगनं ती पेटली असावी असा तपासाचा निष्कर्ष. पहिल्या स्फोटानं इमारतभर साचलेली धूळ उडाली आणि मग स्फोटामागून स्फोट झाले. आपल्या बॅगिंग सेक्शनमध्ये एलिव्हेटरच्या वरच्या मजल्यावर कधी बोट फिरवून बघा. बोटाला जे लागेल ते, आणि शेजारी लटकणारी साधी ट्यूब. धान्यापासून इथेनॉल करणाऱ्यांनी तर मक्याच्या धुळीसाठी हे घरचंच समजावं. धुळीच्या धोक्याच्या भागांचे वर्ग, म्हणजे झोन, २०, २१, २२ असे वेगळे असतात. वाफेसाठीचा एफएलपी डबा धुळीला आपोआप चालतो असं नाही.

कायदा नाही असंही नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं ३६-अ कलम सांगत होतं की टाकीत, खड्ड्यात, बंदिस्त जागेत सुरक्षेच्या पुरेशा सोयीशिवाय २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा न्यायचा नाही, आणि पेटणारी वाफ असण्याची शक्यता असेल तर दिवा फ्लेमप्रूफच हवा. टाकीच्या मॅनहोलमधून पिवळ्या वायरवर लोंबणारा दोनशे वॅटचा बल्ब आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. आयएस/आयईसी ६००७९ या मानकांच्या मालिकेतला सतरावा भाग धोक्याच्या जागेतल्या उपकरणांच्या तपासणीबद्दल आहे. नुसती नजरेनं, जवळून, आणि झाकण खोलून, अशा तीन पातळ्या त्यात दिल्या आहेत. तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय दोन तपासण्यांत तीन वर्षांहून जास्त अंतर नको, असंही तो म्हणतो. डिस्टिलरीची अडचण अशी की शुगर हाऊसला ऑफ सीझन मिळतो, आम्ही मात्र मळीच्या साठ्यावर चालतच असतो. शटडाऊन मिळतो तो चार दिवसांचा. त्यात कॉलम, फर्मेंटर, कूलिंग टॉवर यांचं उरकलं की इलेक्ट्रिकलच्या वाट्याला शेवटची रात्र.

मग मागणं काय आहे माझं? नवीन प्लांट नको, महागडी यंत्रणा नको. पहिली आणि खरी मागणी एकच: डिस्टिलरीच्या इलेक्ट्रिकल सुपरवायझरला संचालक मंडळाच्या ठरावानं लेखी अधिकार द्या, की एफएलपी झाकण अपुरं असेल, ग्लँड चुकीचा असेल, ट्रेंच उघडी असेल तर तो त्या भागाची लाइन बंद ठेवू शकेल आणि त्याला चीफ केमिस्ट, डिस्टिलरी मॅनेजर किंवा टँकर अडला म्हणून फोन करणारे कोणीही संचालक सुरू कर म्हणून सांगणार नाहीत. तो टँकर तासभर उभा राहिला तर राहू दे. तेवढ्या वेळात त्याचा अर्थिंग क्लॅम्प, म्हणजे स्थिर वीज जमिनीत सोडणारा चिमटा, रंगवलेल्या मडगार्डवरून काढून कोऱ्या धातूवर लावता येईल. मी पाहिलेल्या निम्म्या टँकरांचे क्लॅम्प रंगावरच लावलेले असायचे.

दुसरं, ग्लँड, प्लग आणि बोल्ट एल-वनच्या चक्रातून बाहेर काढा. वर्षाचा अंदाज घेऊन मंजूर मालाचा साठा डिस्टिलरीच्याच कपाटात ठेवा, किल्ली सुपरवायझरकडं. झोन कुठून कुठपर्यंत आहेत तो नकाशा तिजोरीत आहे, तो काढून एमसीसीच्या भिंतीवर लावा, आणि पेंटरच्या कंत्राटदारालाही दाखवा. एफएलपी मोटार रिवाइंडिंगला जाईल तिथं फटीची मापं लिहून देणाराच कारागीर निवडा, लांबचा असला तरी. आणि हंगामी वायरमन पोरांना दोन दिवस बसवून हे शिकवा. आयटीआयत त्यांना मोटार कशी जोडायची ते शिकवलेलं असतं, झाकणाचे आठही बोल्ट का लावायचे ते आपणच शिकवायचं आहे. माझ्यासारखे निवृत्त पुष्कळ आहेत, चहावर येतील.

वाळूचं मात्र आधी बघा. आपल्या डिस्टिलरीतली एखादी चेकर्ड प्लेट सुपरवायझरला सोबत घेऊन स्वतःसमोर उचलायला लावा. खाली वाळू दिसली तर ठीक. नुसत्या केबली दिसल्या, तर मग पेव्हर ब्लॉक कुठं कुठं बसवलेत तेही आठवून बघा.

सभेत विचारायचा प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्यावा लागतो, असं मागच्या वेळी मला सांगण्यात आलं. माझ्या कारखान्यानं हे पत्र म्हणजे तो लेखी प्रश्न समजावा. बाकीच्या कारखान्यांच्या सभासदांनी हाच प्रश्न उचलून आपापल्या सभेत विचारला तर माझी हरकत नाही. मागून कोणी एफआरपीचं ओरडलं, तर तोही प्रश्न घ्यावा. दोन्हींना वेळ आहे.

आपला नम्र,
एक ऊस उत्पादक सभासद
आणि निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर, डिस्टिलरी विभाग